खिशातला चाकू : घ्यावा कसा, वापरावा कसा



ऊसशेतीसंबंधी या पानांवर खते, पाणी, बेणे, खोडवा यांविषयी आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. पण सकाळी रानात निघताना आपण न विसरता खिशात टाकतो त्या चाकूवर कुणी चार ओळी लिहिल्याचे निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. एका गट बैठकीत मी हा विषय काढला, तेव्हा एक आबा म्हणाले, "साहेब, चाकू तो चाकू. बाजारात गेलं, घेतला. त्यात निवडायचं ते काय?"

मी म्हटलं, "आबा, तुमचा दाखवा बघू."

चाकू निघाला. पाते डुगडुगत होते, टोक मोडलेले, आणि बिजागरीच्या खाचेत काळा चिकट थर.

"हा थर कशाचा?"

"उसाचाच. दुसरं काय असणार?"

"कुठल्या उसाचा?"

यावर सगळी बैठक हसली. आबाही हसले. पण प्रश्न गमतीचा नव्हता. शेजाऱ्याच्या रानात ऊस सोलून खाल्ला, पाते धोतराला पुसले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पात्याने आपल्या बेण्याच्या कांड्या केल्या, हे आपण सगळेच करतो. एका रानातला रोग दुसऱ्या रानात जाण्याची जी वाट आहे, ती अशी आपल्या खिशातून जाते. म्हणून आधी चाकू घेण्याविषयी, आणि मग या वाटेविषयी जरा सविस्तर.

कोणत्या कामाचा चाकू?

पहिली गोष्ट, खिशातल्या चाकूला कोयत्याचे काम सांगू नये. तोडणी कोयत्याची, तण खुरप्याचे, गवत विळ्याचे. (कोयत्याची गोष्टच निराळी. तोडणीच्या टोळीत नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात आणि एकट्या माणसाला 'अर्धा कोयता'. हत्याराच्या नावाने माणसे मोजली जातात, असे दुसऱ्या धंद्यात मला तरी आढळले नाही.) चाकूची कामे बारीक आणि अचानक निघणारी. खताच्या पोत्याची शिवण उसवायची, ठिबकची नळी सरळ कापायची, सुतळी तोडायची, कांडे उभे चिरून आत काय आहे ते बघायचे, आणि कधी बैलाच्या किंवा म्हशीच्या गळ्यात दाव्याचा फास बसला तर ते एका झटक्यात कापायचे. या शेवटच्या कामाला धार नसलेला चाकू असला तर काय होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला धारेचे महत्त्व मी सांगायला नको.

या कामांना तीन इंची पाते पुरते. चार इंचांच्या पुढे गेले की खिशात टोचते आणि हातात जड लागते. पाठ साधारण दोन मिलिमीटर जाड असावी. पातळ पाते कागद सुरेख कापते, पण उसाच्या कांड्यात अडकले आणि आपण जरा पिळले की तुकडा पडतो. टोकाविषयी माझे मत असे, की ज्यांच्या घरी जनावरे आहेत त्यांनी अणकुचीदार टोकापेक्षा थोडे बोथट, खाली उतरते टोक घ्यावे. दावे कापताना जनावर मान झटकते, तेव्हा टोक कुठे जाईल याचा नेम नसतो.

मिटणारा चाकू घ्यावा की म्यानाचा? दोन्हींची कामे वेगळी आहेत. रोज खिशात ठेवायला मिटणारा सोयीचा, पण त्यात पाते उघडल्यावर घट्ट बसणारा खटका हवा. खटका नसलेला चाकू टोकाने जोर लावताना मिटतो आणि आपलीच बोटे कापतो. खटका मात्र पाते धरून ठेवणारा असावा. कळ दाबली की आपोआप उघडणारा, सिनेमात दिसतो तसला नको. खिशात नकळत उघडला तर मांडी फाडतो. बेणे तोडायला मिटणारा चाकू घेऊच नये. तिथे एकसंध, बिजागरी नसलेला छोटा चाकू किंवा बारका कोयता हवा. कारण खाली येईलच.

पोलाद कसे ओळखावे

बाजारात दोन जाती मिळतात. एक साधे पोलाद, दुसरे न गंजणारे. साध्या पोलादाला धार लवकर लागते, दगडावर चार हात फिरवले की झाले. पण ते उसाच्या रसाने काळे पडते आणि पावसाळ्यात गंजते. न गंजणारे पाते धुवायला सोपे. त्यातले हलके पाते मात्र लवकर बोथट होते. रोज धार बघण्याची सवय असेल त्याने साधे घ्यावे. चाकू खिशातून काढला, वापरला आणि विसरला अशी ज्याची रीत आहे त्याने न गंजणारे घ्यावे. यात कमीपणा काही नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. पुष्कळजण लोहचुंबक लावून बघतात आणि चिकटले की म्हणतात, "हे स्टेनलेस नाही, फसवलं." घरातल्या ताट-वाटीच्या स्टेनलेसला चुंबक सहसा चिकटत नाही, हे खरे. पण चाकूचे स्टेनलेस वेगळ्या जातीचे असते. ते तापवून कडक करावे लागते, आणि अशा पोलादाला चुंबक चिकटतेच. उलट ज्या पात्याला चुंबक मुळीच चिकटत नाही ते बहुधा भांड्याच्या पत्र्याचे असते आणि त्याला धार टिकत नाही. तेव्हा चुंबकाची परीक्षा आपण समजतो त्याच्या उलट वाचावी.

खरी परीक्षा कानशीची. धारेच्या मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा ठिकाणी बारीक कानस हलकेच ओढावी. लोण्यात रुतल्यासारखी रुतली तर पाते मऊ आहे. घसरत किंचित घासली तर पाणी नीट पाजले आहे. दुकानदार कानस लावू देणार नाही हेही खरे, पण गावच्या लोहाराकडून करून घेताना ही परीक्षा जरूर करावी.

लोहाराचा चाकू हा माझ्या मते अजूनही सर्वांत भरवशाचा. ट्रकच्या जुन्या कमानीच्या पाट्याचे पोलाद चाकूला आणि कोयत्याला चांगले असते, कारण त्यात कडक होण्यापुरता कर्ब असतो. लोहाराने पाते लाल करून पाण्यात किंवा तेलात विझवले की ते काचेसारखे कडक होते, पण तेवढ्यावर सोडले तर आपटल्यावर फुटते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवतात. घासून पांढऱ्या केलेल्या पात्यावर आधी गवती पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. चाकूला पिवळ्यावरच थांबावे. निळ्यापर्यंत गेले की कमान झाली, चाकू राहिला नाही.

हेच ध्यानात ठेवून दुसरी काळजी. बाजाराच्या दिवशी विजेच्या चाकावर धार लावून देणारे येतात. घाईत पाते तापते आणि धारेच्या कडेला निळा पट्टा दिसतो. तो दिसला की तिथले पाणी उतरले समजावे. ती धार आठवडाभर टिकणार नाही. पाते मधून मधून पाण्यात बुडवायला सांगावे. तेवढे सांगायला लाजू नये, पैसे आपण देतो. पाचटात हरवलेला चाकू पाचट जाळल्यावर सापडतो, त्याचेही हेच. मूठ जळालेली असतेच, पण पातेही मऊ पडलेले असते. (पाचट जाळू नका, हे या निमित्ताने पुन्हा सांगतो. त्याची कारणे चाकूपेक्षा मोठी आहेत.) चाकू हरवूच नये म्हणून मुठीला लाल किंवा पिवळी नायलॉनची दोरी बांधावी. शिसवी मूठ दिसायला देखणी, पण पाचटात पडली की तिचा रंग पाचटाचाच.

घरी धार लावायची रीत सोपी आहे. दगड ओला करावा, पात्याची पाठ करंगळीच्या निम्म्या जाडीइतकी उचलावी आणि दगडाचा पातळ काप काढायचा आहे अशा बेताने, धार पुढे करून ओढावे. जितके हात एका बाजूला तितके दुसऱ्या. धारेच्या उलट बाजूला बोटाने चाचपले असता बारीक किस लागला म्हणजे धार आली. तो किस जुन्या चामडी पट्ट्यावर उलटे ओढून काढावा. बोथट चाकू निरुपद्रवी, ही समजूत चुकीची आहे. बोथटाला जोर जास्त लागतो, आणि जोर लावलेला हातच निसटतो.

चाकूने उसाची नाडी बघणे

डॉक्टर नाडी बघतो तसा आम्ही शेतकी खात्यातली माणसे ऊस चिरून बघतो. हे तुम्हालाही करता येते.

लहान उसात पोंगा वाळलेला दिसला तर तो ओढून बघा. अलगद निघाला आणि घाण वास आला तर खोडकीड. तो कोंब जमिनीलगत कापून उभा चिरा. आत मळकट पांढऱ्या अंगावर पाच जांभळट रेघा असलेली अळी सापडली तर शंकाच नको. कोंब तिथेच बांधावर टाकू नये, अळीसकट नष्ट करावा.

मोठ्या उसाची वरची पाने पिवळी पडून वाळू लागली, तर बुडाकडचा भाग उभा चिरून बघावा. आतला गर लाल आणि त्यात आडवे पांढरे पट्टे, वर आंबूस दारूसारखा वास, ही लाल कुजीची खूण. लाल रंग मळकट, आणि मध्ये होडीच्या आकाराची पोकळी, तर तो मर रोग. दोन्हींत बेणे म्हणून तो प्लॉट बाद.

काणीचा चाबूक दिसला तर मात्र चाकू आधी काढू नका. त्या चाबकातून काळी भुकटी उडते आणि वाऱ्याबरोबर पसरते. आधी वरून पिशवी चढवावी, तोंड आवळावे, मग खालून कापावे, आणि ते बेट मुळासकट उपटून जाळावे.

ऊस पक्व झाला की नाही हे आम्ही रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स काढून ठरवतो. शेंड्याचा आणि बुडख्याचा ब्रिक्स जवळ आला की ऊस तयार. पण जुनी माणसे चाकूनेच ओळखत. कांड्याला तिरका काप देऊन तो उन्हात धरला की पक्व उसात साखरेची चमक दिसते, आणि चाकूच्या पाठीने वाजवले तर आवाज खणखणीत येतो. या परीक्षेवर तोडणी मागू नये, पण स्वतःच्या माहितीसाठी ती खोटी नाही.

पात्यावरून जाणारा रोग

आता मुद्द्याचे. वर सांगितलेले रोग डोळ्याला दिसतात. एक रोग असा आहे की तो दिसतच नाही. त्याचे इंग्रजी नाव आर. एस. डी., आपण त्याला खोडवा खुजा रोग म्हणू. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड भागात १९४४-४५ च्या सुमारास तो प्रथम ध्यानात आला. बरीच वर्षे तो विषाणूचा समजला जाई. १९७० च्या दशकात तो एका अतिशय बारीक जिवाणूचा असल्याचे दिसून आले. हा जिवाणू उसाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत राहतो. पानावर ठिपका नाही, चाबूक नाही, वास नाही. कांड्या आखूड आणि बारीक राहतात, एवढेच. सभासद म्हणतो, "यंदा पाणी कमी पडलं," "खत हलकं निघालं," "जात जुनी झाली." यातले एखादे कारण खरेही असते. पण पाण्याचा ताण पडला की हा रोगच जास्त मारतो, आणि लागणीपेक्षा खोडव्यात जास्त. ३० टक्क्यांपर्यंत घट येऊ शकते. एकरी ४० टन काढणाऱ्याने स्वतःचा हिशोब स्वतः करावा.

हा रोग पसरतो दोन वाटांनी, रोगट बेण्यातून आणि कापणाऱ्या हत्यारातून. रोगट उसाचा रस पात्याला लागला की तेच पाते पुढच्या अनेक निरोगी कांड्यांना रोग देते.

त्यामुळे होते काय बघा. मूलभूत बेण्याला ५४ अंश सेल्सिअसच्या दमट उष्ण हवेत अडीच तास ठेवतात. त्यापासून पायाभूत, पायाभूतापासून प्रमाणित बेणे तयार होते. एवढे सगळे करून आलेले बेणे आपण घरी आणतो, आणि काल जुन्या खोडव्यात चाललेल्या कोयत्याने त्याच्या टिपऱ्या करतो. दोन-तीन वर्षांची मेहनत एका दुपारीत जाते. मला या गोष्टीचा फार राग येतो. राग कुणा एकावर नाही. बेण्याची पावती आपण जपून ठेवतो, आणि ज्या हत्याराने ते तोडायचे ते तोडणारा ज्या घरून येईल त्या घरचे चालते, या रीतीवर आहे.

तेव्हा बेणे तोडायच्या दिवशी हत्यारे मालकाने द्यावीत. माणशी दोन. एक हातात, एक बादलीत. आधी पाते साबणाच्या पाण्याने घासून चीक आणि माती काढावी, कारण मळलेल्या पात्यावर औषध चालत नाही. मग ७० टक्के स्पिरिटमध्ये, किंवा कपडे धुण्याच्या पातळ ब्लीचचा एक भाग आणि पाणी नऊ भाग अशा द्रावणात, पाते किमान पाच मिनिटे बुडालेले राहावे. नुसते बुचकळून काढणे म्हणजे देवाला लांबून नमस्कार. एक मोळी झाली की हत्यार बदलायचे, हातातले बादलीत आणि बादलीतले हातात. ब्लीच पोलाद खाते, म्हणून संध्याकाळी साध्या पाण्याने धुऊन, पुसून तेलाचा हात द्यावा. स्पिरिटच्या बादलीशेजारी विडी ओढू नये. दोन्ही द्रावणे एकत्र करू नयेत. पाते जाळावर धरून शुद्ध करण्याची युक्ती कुणी सांगेल, ती ऐकू नका. पाणी उतरते हे वर सांगितलेच आहे.

आता मिटणारा चाकू बेण्याला का नको ते ध्यानात आले असेल. बिजागरीच्या खाचेतला रस बादलीतल्या औषधाला सापडत नाही.

टिपरी करताना एक डोळ्याची असेल तर डोळ्याच्या वर एक भाग आणि खाली दोन भाग कांडे ठेवावे. काप एका घावात, सरळ, लाकडी ठोकळ्यावर. दगडावर तोडले की धार जाते आणि टिपरीची टोके चिरफळतात. चिरफळलेल्या टोकातून जमिनीतली बुरशी आत शिरते. उगवण न झालेली टिपरी उकरून चिरली आणि पिकलेल्या अननसासारखा वास आला, तर ती हीच. बेणे तोडायला बहुधा बायका बसतात. मावशींना चांगली धार आणि ठोकळा दिला तर काम लवकर होते आणि बोटेही वाचतात.

जिथे चाकू काढूच नये

उसाच्या रानात घोणस असते. तोडणीच्या दिवसांत, पाचटात, विहिरीच्या वाटेवर. साप चावला की खिशातला चाकू काढून जखमेवर चिरा देण्याची रीत अजून गावोगाव आहे. ती करू नका. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासे होते. अशा माणसाला दिलेला चिरा वाहतच राहतो, आणि विष त्याने बाहेर येत नाही. दोरीने आवळणे, तोंडाने ओढणे, हेही नको. माणसाला धीर द्यावा, चावलेला हात-पाय हलू देऊ नये, आणि मिळेल त्या गाडीने प्रतिविष असलेल्या सरकारी दवाखान्यात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच लस चालते, त्यामुळे साप मारून बरोबर नेण्याचीही गरज नाही.

जनावराचे पोट फुगले तरी चाकू खुपसू नये. ते काम पशुवैद्याचे, आणि त्याचे हत्यार वेगळे असते. मोटारीच्या स्टार्टरची वायर सोलायला चाकू वापरतात. लाकडी मूठ शॉक अडवते असे समजून वापरतात. ओल्या हातात ओले लाकूड काही अडवत नाही. आधी खटका पाडावा, फ्यूज काढावा.

चाकूने हात कापला आणि जखमेत माती किंवा शेण गेले असेल तर जखम धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी त्याच दिवशी करावी. हळद भरून काम चालू ठेवू नये.

कायद्याचे एक वाक्य. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांवर शस्त्र कायद्याखालील नियमांत बंधने आहेत, आणि शेतीकामासाठी बनवलेल्या हत्यारांना त्यातून वगळले आहे. आपला तीन इंची चाकू त्यात येत नाही. पण सणावारी, निवडणुकीत पोलिसांचे शस्त्रबंदीचे हुकूम निघतात, तेव्हा आणि कोर्टकचेरीत जाताना तो घरी ठेवावा. आपल्या वार्षिक सभेला येतानाही घरी ठेवलेला बरा.

खोडवा खुजा रोगाची शंका असलेला ऊस गट ऑफिसला दाखवायला आणायचा झाला तर शेंडा आणू नये. वेगवेगळ्या बेटांतले पाच-सहा पक्व ऊस घ्यावेत, प्रत्येकाची बुडाकडची तीन-चार कांडी तोडून ओल्या गोणपाटात गुंडाळावीत, गट नंबर आणि लागणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधावी. पेऱ्याच्या तळाशी पातळ काप घेतल्यावर नारिंगी-तांबडे ठिपके किंवा स्वल्पविरामासारख्या बारीक रेघा दिसतात का, ते आम्ही बघू. दिसल्या तरी खात्रीचा निकाल प्रयोगशाळेतच लागतो, नमुना आम्ही पाठवू. आणि तोडताना प्रत्येक उसाला पाते धुऊन घ्या.

— ऊस विकास अधिकारी